पैऱ्याचा बैल

२६ जून १९९६

धैर्यशील,

पोस्टकार्ड घेतलं नाही. आपला पोस्टमन वाचतो आणि पारावर सांगतो. आंतर्देशीय पत्राला जागा कमी, पण ते चिकटवता तरी येतं.

तू गेल्यावर काही दिवस मी रानाकडं फिरकले नाही. मग गेले. भुईमूग पेरून झाला आहे. वाफसा चांगला मिळाला. तुझ्या वडिलांच्या हातची पेर नाही, पण लोकांनी हसावं अशीही नाही.

वारणानगरात खोली कुणाबरोबर घेतली आहेस, जेवण कुठं करतोस, ते कळव. वर्कशॉपात वेल्डिंगची ठिणगी डोळ्यात उडते म्हणतात. चष्मा देतात का विचार. लाजू नकोस.

घरी सगळं जागच्या जागी आहे. हौश्या वैरण खातो, पण मान वळवून दाराकडं बघत बसतो. संध्याकाळी मी वाचते. तुझ्या पहिलीच्या पुस्तकावर अक्षरं शिकले तेव्हापासूनची सवय, ती सुटत नाही. 'आज काय वाचलंस?' असं आता कुणी विचारत नाही. ते पाय धुता धुता विचारायचे आणि गोष्ट अर्धी झाली की म्हणायचे, 'बास, उरलेली उद्या.' एका गोष्टीचा शेवट त्यांना सांगायचा राहिला. ते पुस्तक मी अजून परत केलेलं नाही. वाचनालयाचा गुंडू दोनदा दारावरून गेला. पुस्तक मागितलं नाही त्यानं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. हौश्या एकटा पेरणीची कुरी ओढत नाही हे तुला माहीत आहे. जोडीला दुसरा बैल होता तो शेजारच्या आकारामचा कोशा. होय, तोच. ज्यानं तुझ्या वडिलांच्या पोटात शिंग घातलं तोच. गावातून कुणीतरी तुला सांगेलच, त्याआधी माझ्याकडून कळावं.

तुझी आई


१८ जुलै १९९६

धैर्यशील,

तुझं तीन ओळींचं पत्र आलं. 'माझ्या बापाला मारलेल्या जनावराच्या गळ्यात तू हात घातलास. तो आपल्या मातीत पाय ठेवतोय तोवर मी घरात पाय ठेवणार नाही.'

गळ्यात हात नाही घातला बाळा. जू घातलं.

तू चौथीत होतास तेव्हापासून आपला त्यांचा पैरा. एक बैल आपला, एक त्यांचा. आज त्यांचं रान, उद्या आपलं. दोन गरीब घरांची मिळून एक जोडी. कोशा त्यांनी गेल्या वर्षी आणला, आणि तू म्हणतोस तसं, मारका आहे हे आकारामनं लपवलं. खरं आहे. मी ते नाकारत नाही. पण ते तुला कळलं कुणामुळं? बाराव्याच्या दिवशी तू मंडपात होतास. तू पहिलं वाक्य ऐकलंस आणि आकारामच्या अंगावर धावलास. मला सगळं ऐकू आलं, कारण मी बसलेली होते.

आकारामच्या बायकोला, यल्लव्वाला, कुणी विचारलं नव्हतं. बायका जेवायला बसायच्या होत्या. ती उठली. पदर खोचला. ती कशी बोलते तुला ठाऊक आहे, भांडण नसलं तरी भांडल्यासारखं.

"अक्का, ऐक. गाव बी ऐकू दे. ह्या बैलानं दिवाळीला मला गोठ्यात उचलून टाकलं हुतं. बरगडी मोडली माझी. तुमास्नी सांगितलं माळ्यावरनं पडले. मारका बैल म्हटला की पैरा मोडतोय, कोण जोडी धरंल? म्हणून ह्यांनी गप बसवलं. आन मी बसले. बसायला नको हुतं."

एवढंच. रडली नाही. माफ कर म्हणाली नाही. भावकी तिच्यावर ओरडायला लागली, नवऱ्याला भर मंडपात उघडा पाडलास म्हणून. आकाराम खाली मान घालून बसला होता. 'खोटं बोलती' एवढं म्हणाला असता तरी अर्ध्या लोकांनी मान डोलावली असती. तो म्हणाला नाही.

तू मला पोलिसांपुढं जबाब द्यायला सांगितलंस. मी दिला नाही, म्हणून तू गेलास. मी का दिला नाही हे तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. आताही नीट येतं असं नाही. एवढंच कळतं, की जे सांगायला पोलीस लागतात ते यल्लव्वानं आपणहून सांगितलं होतं. त्यानंतर मी तिच्याकडून आणखी काय काढून घेणार होते?

पेरणीच्या तोंडावर आकाराम आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा. "वैनी, उद्या बाजारात घालतो त्येला. खाटीक घेतो म्हणालाय."

मी म्हटलं, "मग तुझं रान?"

"पडू दे की."

"आणि माझं?"

माणूस मारलेल्या बैलाबरोबर कोण आपला बैल जुंपेल? आणि आपल्या हौश्यासाठी कुणाकडं बैल शिल्लक होता? गावात दोनच बैल एकटे होते. मी चप्पल घातली आणि त्यांच्या गोठ्यात गेले.

कोशाच्या शिंगाकडं मला बघवलं नाही. यल्लव्वानं वेसण धरली आणि त्याच्या तोंडासमोर, बरोबर शिंगांच्या मध्ये, उभी राहिली. म्हणाली, "तू जू ठेव. मारलं तर मला मारू दे. माझी वळख हाय त्याची."

मी जू ठेवलं.

तुझी आई


१२ जून १९९८

धैर्यशील,

लग्नातले फोटो मिळाले. संयोगिता गुणी दिसते. तू मला पुढच्या रांगेत बसवलंस आणि तुझ्या मालकाला ओळख करून देताना म्हणालास, 'ही माझी आई. शाळेत गेली नाही, पण आमच्यापेक्षा जास्त वाचते.' मला ते ऐकून कुठं बघावं कळेना. मग मी तुला हळूच म्हटलं, बेंदराला सुनेला घेऊन घरी ये. तुझा चेहरा मिटला. मी ते तिथं बोलायला नको होतं.

परवा बेंदूर झाला. कोशाला मिरवणुकीत घेऊ नये असं पंचांनी ठरवलं होतं. हलगी वाजत गेली, सगळ्यांचे बैल झुली घालून गेले. यल्लव्वानं कोशाला धुतलं, शिंगं रंगवली, आणि मिरवणूक पुढं गेल्यावर मागनं एकटाच घेऊन निघाली. वाटेत ज्ञानू पाटलांनी हटकलं, "यल्लव्वा, पंचांनी काय सांगितलंय?"

"मिरवणुकीत न्हाय म्हणून सांगितलंय. मी कुठं मिरवणुकीत हाय? मी माझी चाललीया बाजारला."

"बैल घेऊन?"

"मग तुमास्नी घेऊन जाऊ?"

लोक हसले आणि ज्ञानू पाटील बाजूला झाले. ती कोशाला घेऊन थेट आपल्या दारात आली. मी हौश्याला ओवाळून ताट हातात धरूनच उभी होते.

धैर्यशील, मला त्याला ओवाळता आलं नाही. दोन वर्षं त्याच्या मानेवर जू ठेवते आहे, त्याला पाणी दाखवते, पेंड घालते. पण ताट वर उचलेना. तुझ्या वडिलांना मी दर पाडव्याला त्याच ताटानं ओवाळायची.

यल्लव्वानं बघितलं. म्हणाली, "नगं ओवाळू. पोळी घाल. त्याला भूक हाय, कौतुकाची न्हाय."

मी पोळी घातली. तो माझ्या हातातून खात होता आणि मला वाटलं, ही बाई माझ्याकडून कधीच जास्तीचं मागत नाही. बाकी ती काही संत नाही. आपली परात नेली ती दिवाळीपासून तिच्याकडंच आहे, मागितली की म्हणते, 'तुझीच हाय की, पळून जात न्हाय.' मला वाचताना बघितलं की म्हणते, 'अक्का, डोळं फोडून घे, मग बैलाऐवजी मलाच जुंपशील.' पण दर पेरणीला, दर कुळवणीला ती शिंगांपुढं उभी राहते. तिला कुणी सांगितलेलं नाही.

पुस्तकात माणूस एकदा माफ करतो आणि पान उलटतं. इथं दुसऱ्या दिवशी तेच जनावर पुन्हा दारात उभं असतं आणि त्याला वैरण लागते.

तू ये. एवढा राग धरून काय मिळणार? सोडून दे.

तुझी आई


९ ऑक्टोबर २००२

धैर्यशील,

आकाराम गेला. संयोगितानं दुकानातल्या फोनवर विचारलं होतं, मी तेव्हा नीट बोलले नाही, दुकानात माणसं होती. अर्धांगवायूनंतर तो अंथरुणावरच होता. शेवटी शेवटी त्याला बोलता येत नव्हतं. मी गेले की डोळे मिटून घ्यायचा. यल्लव्वा त्याला दटावायची, "डोळं उघडा, अक्का खायाला न्हाय आली तुमास्नी." मग तो उघडायचा.

मी त्याला माफ केलं आहे असं त्याला कधी म्हणाले नाही. त्यानंही विचारलं नाही. मी जायची, बसायची, पाणी पाजायची. त्याच्या उशाशी बसून मी तुझ्या वडिलांबद्दल बोलायची, कारण गावात आता त्यांच्याबद्दल ऐकून घेणारं कोण उरलं आहे? ते बैलाला शीळ घालून वळवायचे, आठवतं तुला? आकारामला आठवत होतं. हसायचा तोंडाच्या एका बाजूनं.

आता दुसरी गोष्ट. गेल्या पावसात यल्लव्वाच्या गोठ्याची भिंत पडली. हौश्या मागच्या साली गेला, आपली दावण रिकामी होती. रानं तर आता सगळ्यांची ट्रॅक्टरनंच होतात, आपलंही. कोशा म्हातारा झाला आहे. लोक तिला म्हणतात बाजारात घाल. मी त्याला आपल्या गोठ्यात आणलं.

तुझा निरोप मिळाला. 'तो आपल्या दावणीला असेल तर आई माझी वाट बघू नकोस.'

तुला एक सांगू? मला तुझा राग येतो. ज्या बाईचं कुंकू गेलं तिला जमतं आणि तुला जमत नाही? सहा वर्षं मी प्रत्येक पत्रात तेच लिहिते आहे, सोडून दे, सोडून दे, आणि तू दगडासारखा. तुझ्या वडिलांनी कुणावर दोन दिवससुद्धा राग धरला नाही. तू कुणावर गेलास?

हे पत्र टाकावं की नाही कळत नाही. टाकते.

आई


११ मे २००४

धैर्यशील,

दीड वर्ष मी पत्र लिहिलं नाही. तूही नाही. फोनवर तुझ्या पोरीच्या तब्येतीचं तेवढं बोललो.

परवा संयोगिता पोरीला घेऊन येऊन गेली. पोरीचा चेहरा तुझ्या वडिलांवर गेला आहे, तेच कपाळ. यल्लव्वा कुंपणापलीकडनं बघत होती, आली नाही. मी हाक मारली तेव्हा आली, पोरीच्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि गेली. तिला इतक्या कमी शब्दांत कधी बघितलं नव्हतं.

भाकरी थापता थापता मी संयोगिताला तुझ्याबद्दल बोलले. जे तुला लिहिते तेच. मनात धरून बसतो, दगड आहे वगैरे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, त्यांना वर्कशॉपात खडूमास्तर म्हणतात, माहीत आहे का तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं.

म्हणाली, "खिशात कायम खडू. कुठलंही यंत्र, कुठलीही ट्रॉली जरा बिघडलेली दिसली की मोठ्या अक्षरात त्यावर लिहितात. 'पट्टा तुटका आहे.' 'हात घालू नका.' मध्यंतरी एका बड्या बागायतदाराच्या ट्रॉलीवर लिहिलं, 'हूक कच्चा आहे, मागं उभं राहू नका.' तो चिडला. चारचौघांत माझ्या ट्रॉलीची अब्रू घालवतोस म्हणाला. हे म्हणाले, 'अब्रू घरी न्या, पण हूक बदलल्याशिवाय ट्रॉली नेऊ नका.' मालकानं समजावलं, गिऱ्हाईक तुटेल. हे ऐकत नाहीत. घरीसुद्धा स्टोव्हच्या मागं लिहिलंय, पिन नीट बसत नाही म्हणून."

तव्यावरची भाकरी करपली.

आठ वर्षं मी समजत होते की तू राग साठवून ठेवला आहेस. मला वाटायचं मी पुढं गेले आणि तू मागं राहिलास. आणि तू तिकडं रोज, दुसऱ्यांच्या बापांसाठी, खडूनं लिहीत होतास. कोशाच्या कपाळावर कुणी लिहिलं असतं तर. ते तू कुणाला बोलून दाखवलं नाहीस. मलाही नाही. मी तर तुला दगड म्हटलं.

निघताना संयोगिता घुटमळली. म्हणाली, "सांगू नका म्हणालेत, पण सांगते. ते कुरुंदवाडच्या स्टँडवर बसलेत सकाळपासून. आम्हाला सोडायला आले, पुढं पाय उचलेना."

मी आले नाही, कारण तू बोलावलं नव्हतंस. त्या गेल्यावर मी यल्लव्वाकडं गेले. मी चिडलेली होते, कुणावर ते मला कळत नव्हतं. म्हटलं, एवढ्या जवळ येऊन पोरगा दारात येत नाही, ह्याला काय म्हणायचं?

ती शेण सारवत होती. वर न बघता म्हणाली, "आलाय तिथवर आलाय. आमी त्याचा बाप नेला, अक्का. त्याला आमचं त्वांड बघायचं नसलं तर त्यात त्याचं काय चुकलं? मी तुला कधी म्हटलं का, मला माफ कर म्हणून?"

"नाही."

"मग तू त्याच्या मागं का लागलीस?"

खरंच, तिनं कधी मागितलं नाही. मागितलं असतं तर कदाचित मलाही जमलं नसतं. आणि मी तुझ्याकडं प्रत्येक पत्रात मागत राहिले, जणू तू माझं काही देणं लागत होतास. मी तिला आणि आकारामला जेवढी मोकळीक दिली तेवढी पोटच्या पोराला दिली नाही.

कोशा माझ्या गोठ्यातच राहील. तो मरेल तेव्हा मरेल. त्याबद्दल मी तुला पुन्हा काही लिहिणार नाही. तू घरात येऊ नकोस म्हणत नाही, ये असंही म्हणत नाही. तुला जिथवर येववतं तिथवर ये. पुढच्या रविवारी तू त्या स्टँडवर असशील का? मी दुपारच्या आधी येते. तू नसलास तर परत जाईन, रागावणार नाही.

तुझी आई


१७ मे २००४

धैर्यशील,

काल परत आल्यावर झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले.

मी एस.टी.तून उतरले तेव्हा तू फलाटाच्या टोकाला उभा होतास आणि मी तुला ओळखलं नाही. कानशिलावर पांढरे केस आले आहेत. तू पुढं येऊन पिशवी घेतलीस तेव्हा तुझ्या बोटांना लागलेलं ग्रीस दिसलं, रविवार असूनही.

कँटीनचा चहा किती गोड होता! आणि तू तीन कप प्यालास. मी आणलेलं वांग्याचं भरीत तू भाकरीच्या तुकड्यावर घेऊन पोरीला भरवलंस, ती तोंड वेडंवाकडं करत होती आणि तू हसत होतास. शेजारच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, "पावणं कुठलं?" तू म्हणालास, "हितलंच की." त्या म्हणाल्या, "मग घरी न जाता हितं का जेवताय?" मला वाटलं आता तुझा चेहरा मिटतोय. तू म्हणालास, "आईला हितला चहा आवडतो." मी मान हलवली. त्या आजींनी माझ्याकडं असं बघितलं, की ही बाई ठार वेडी आहे.

आपण कशाबद्दलच बोललो नाही. पोरीच्या दाताबद्दल, खोलीच्या गळतीबद्दल, माझ्या डोळ्यांच्या नंबराबद्दल. तू खिशातून रुमाल काढलास तेव्हा एक खडू खाली पडला. तो तू पटकन उचललास आणि मी दुसरीकडं बघितलं. मला सांगायचं होतं, की तुझ्या वडिलांना तुझा अभिमान वाटला असता. तिथं सांगता आलं नाही म्हणून इथं लिहिते. मला तर वाटतोच.

मग कोल्हापूरची गाडी लागली. संयोगिता उठली, पोरीच्या चपला घातल्या. कंडक्टरनं घंटी दिली, हाक मारली, "कोल्हापूर, कोल्हापूर, चला लवकर." तू उठला नाहीस. संयोगितानं तुझ्याकडं बघितलं, मग ती पुन्हा बसली आणि पोरीच्या चपला काढल्या. गाडी गेली. धूळ खाली बसली. तू उठून चौथा चहा सांगायला गेलास.

पुढची गाडी किती वाजता आहे ते मी विचारलं नाही.

तुझी आई